आमचें आगर आणि आमचें घर

कोंकणांतील जुन्या घराचें वर्णन करूं लागलें म्हणजे शहरवासी मंडळी बहुधा ओटीवरील झोपाळ्यापासून आरंभ करतात. आम्ही तो विहिरीपासून करणार आहों. आमच्या घरांत व आगरांत गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे जे फेरफार झाले, त्यांपैकीं बहुतेकांचें मूळ शोधूं गेल्यास तें विहिरींतच सांपडतें. शिवाय झोपाळ्यावर बसणारीं माणसें आणि विहिरीवर राबणारीं माणसें हीं आमच्याकडे एक नव्हतीं. हा भेद पुढें आम्हांस किती महाग पडला, तें यथाक्रम येईलच.

आमचें गांव दापोलीच्या पश्चिमेस, समुद्रापासून हांकेच्या अंतरावर आहे. घराभोंवतीं अडीच एकर नारळ-सुपारीचें आगर, पाठीमागील डोंगरावर अकरा एकर वरकस जमीन आणि खालच्या मळ्यांत सहा एकर भातशेती, एवढी आमच्या आजोबांची मिळकत होती. भातशेती कुळें करीत व खंडाचें भात घरीं येई. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन कायदा १९४८ सालीं झाला आणि १ एप्रिल १९५७ रोजीं, ज्या दिवसास कृषकदिन म्हणतात, कसणारें कूळ कायद्यानें जमिनीचें खरेदीदार मानलें गेलें. सहा एकर गेले. आमचा जन्म त्याच वर्षींचा. त्यामुळें 'हा जमीन घालवून आला' असें आजी कौतुकानें आणि एक काकू विनाकौतुक म्हणत असत. त्या कायद्याविषयीं आमच्या समाजांत अजूनहि सुस्कारे ऐकूं येतात. आमचें मत निराळें आहे. आजोबांनीं त्या मळ्यांत उभ्या जन्मांत एकदांहि गुडघाभर चिखलांत पाय घातला नव्हता. ज्यानें घातला त्यास तो चिखल मिळाला, यांत अन्याय तो कोणता? आणि दुसरें असें कीं, खंडाचें भात बंद झाल्यावरच आमच्या वडिलांचें व काकांचें लक्ष दाराशीं असलेल्या आगराकडे गेलें. तोंवर आगर म्हणजे पूजेच्या नारळांची व पानसुपारीची सोय, एवढीच त्याची योग्यता समजत.

आगरांत दोन विहिरी. मोठ्या विहिरीवर रेड्याचा रहाट होता व घरामागील लहान विहिरीवर पायरहाट होता. ज्यांनीं पायरहाट पाहिला नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. विहिरीच्या तोंडावर लांकडी चक्र, त्यावरून आंत सोडलेली काथ्याची माळ, माळेस हात-हात अंतरावर बांधलेले मातीचे लोटे; चक्रासमोर फळीवर बसून त्याचे दांडे हातांनीं ओढावयाचे व पायांनीं लोटावयाचे, म्हणजे भरलेले लोटे वर येऊन पन्हळींत रिते होतात. तेथून पाणी दगडी डोणींत, डोणींतून पाटानें झाडांच्या आळ्यांत. एखादा लोटा फुटला तर माळ थांबवून नवा बांधावयाचा. सकाळीं दोन तास व संध्याकाळीं दोन तास हें काम चाले, आणि तें घरच्या मुली करीत. आमच्या थोरल्या बहिणीनें वयाच्या दहाव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत पायरहाट ओढला. त्यांतील शेवटचीं एक-दोन वर्षें आम्ही फळीशेजारीं बसून रूपावली घोकत असल्याचें आठवतें. रामशब्दाच्या विभक्ती आणि रहाटाची कुरकुर यांचा ताल आमच्या कानांत अजून एकच आहे. ती ओढीत होती आणि आम्ही शिकत होतों, हें त्या वेळीं कोणासच विचित्र वाटलें नाहीं.

१९६४ सालीं काकांनीं पांच अश्वशक्तीचें तेलाचें इंजिन आणलें. दापोलीहून तें बैलगाडींतून आलें, तेव्हां गांवांतील निम्मीं माणसें खळ्यांत जमलीं होतीं. आजीनें इंजिनास हळदकुंकू लावलें. काकांनीं हँडल मारलें. इंजिनानें प्रथम काकांसच झटका दिला व नंतर तें सुरू झालें. तीन महिन्यांत रेडा विकला गेला. पायरहाटाचें लांकूड न्हाणीच्या चुलींत जळालें. पुढें १९७३ मध्यें गांवांत वीज आली आणि इंजिनाच्या जागीं विजेची मोटर बसली. आगर हिरवेंगार झालें. नव्वद-शंभर झाडांची सुपारी वाढून चारशेंवर गेली. मुंबईस प्रथमच सुपारीचीं पोतीं पाठवलीं.

मग १९७९ च्या वैशाखांत आजी देवपूजा करून उठली व म्हणाली, "तीर्थ मचूळ लागतंय." विहिरीचें पाणी खारट झालें होतें.

याचें कारण पुढें आम्हांस एका जाणत्या कृषिपदवीधरानें समजावून दिलें, तें सांगण्यासारखें आहे. समुद्रकांठच्या जमिनींत गोडें पाणी हलकें म्हणून वर व खारें पाणी जड म्हणून खालीं, अशी रचना असते. रहाट दिवसभर कुरकुरत जेवढें पाणी काढी, तेवढें मोटर दीड तासांत काढते. रहाटाच्या संथपणामुळें झऱ्यांस विहीर भरून काढावयास सवड मिळे. मोटर ती सवड देत नाहीं. गोडें पाणी उपसलें गेलें म्हणजे खालचें खारें पाणी वर चढतें. नारळ थोडा खारटपणा सोसतो, सुपारी सोसत नाहीं. त्या वर्षीं व पुढील वर्षीं मिळून साठ सुपाऱ्या शेंड्यापासून वाळल्या. आम्ही वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील दकार्गलाचा अध्याय शाळेंतील मुलांस मोठ्या अभिमानानें सांगत असूं. भूगर्भांतील पाण्याच्या शिरा कोठें शोधाव्या तें त्यांत आहे. परंतु सांपडलेली शीर कशी राखावी, याचा विचार आमच्या घरांत पाणी खारट होईपर्यंत कोणी केला नव्हता.

उपाय व्हावयास मात्र तीस वर्षें लागलीं. प्रथम मोटर दिवसांतून एकदांच, तीहि दीड तास, असा नियम केला. २००६ सालीं ठिबक सिंचन बसविलें. पाटानें पाणी देतांना अर्धें पाणी वाटेंतील वाळूच पिऊन टाकी, तें थांबलें. नारळास दररोज तीस-चाळीस लिटर आणि सुपारीस पंधरा-वीस लिटर मुळाशीं मिळालें म्हणजे उन्हाळा निभावतो. २००८ मध्यें छपराचें पावसाळी पाणी पन्हळीनें गोळा करून, वाळू-गोट्यांच्या टाकींतून गाळून, लहान विहिरींत सोडलें. याचें गणित आम्ही भिंतीवर खडूनें लिहून सर्वांस दाखविलें होतें: छप्पर २०० चौरस मीटर, पाऊस निदान ३ मीटर, म्हणजे पाणी ६०० घनमीटर, अर्थात् ६ लक्ष लिटर. एवढें पाणी दर पावसाळ्यांत आमच्या छपरावरून ओघळून समुद्रास मिळत होतें आणि वैशाखांत आम्ही टँकरची वाट पाहत होतों.

आतां घराकडे वळतों. घर पणजोबांच्या काळचें. जांभ्या दगडाच्या व मातीच्या भिंती, पुढें ओटी-पडवी, आंत माजघर, देवघर, बाळंतिणीची अंधारी खोली, मागें स्वयंपाकघर व न्हाणी. १९५१ सालीं आजोबांनीं नळीचीं कौलें उतरवून मंगलोरी कौलें घातलीं. हीं कौलें मंगळुरास बासल मिशनच्या कारखान्यांत १८६५ पासून होऊं लागलीं. मिशनऱ्यांचीं म्हणून आमच्या एका आजेचुलत्यांनीं त्या छपराखालीं संध्या करण्यास कांहीं दिवस नकार दिला होता. पहिल्या पावसांत त्यांची स्वतःची खोली गळूं लागली व त्यांनीं विचार बदलला. पुढें ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे कोयनेचा भूकंप झाला, त्यांत पश्चिमेचा कोनवासा सरकून भिंत फाटली. ती भिंत चिरे व सिमेंट यांनीं नव्यानें बांधली. जुन्या घरांत शिरलेलें तें पहिलें सिमेंट.

संडासाची गोष्ट शिष्ट मासिकांत लिहावी कीं नाहीं, याचा आम्ही थोडा विचार केला. परंतु घराच्या सुधारणेचा इतिहास लिहावयाचा आणि हा विषय टाळावयाचा, हें अप्रामाणिकपणाचें होईल. १९६८ पर्यंत घरांतील स्त्रिया पहांटे अंधारांत आगराच्या टोंकास जात. पावसाळ्यांत विंचू-काट्याचें भय, आणि आजारी किंवा बाळंतीण स्त्रीचे हाल तर विचारूंच नयेत. कणकवलीजवळ गोपुरी आश्रम स्थापन करणारे अप्पासाहेब पटवर्धन, ज्यांस लोक कोंकणगांधी म्हणत, त्यांनीं सोप्या संडासाचा प्रचार आयुष्यभर केला. हा गृहस्थ पदवीधर ब्राह्मण असून १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत भंगीकाम करण्याची परवानगी मिळावी म्हणून उपोषणास बसला होता. आमच्या वडिलांनीं त्यांचें व्याख्यान ऐकलें होतें. परंतु संडास बांधला गेला तो व्याख्यानामुळें नव्हे. काकूंस अंधारांत फुरसें चावलें व त्या जेमतेम वांचल्या, म्हणून. दोन खड्डे, एक भरला कीं दुसरा, आणि पहिल्यांतील खत वर्षानें केळींस. आजोबांनीं त्या केळींचीं केळीं खाल्लीं नाहींत. बाकीच्यांनीं खाल्लीं.

१९७६ सालीं स्वयंपाकघरांत नळ आला. त्या दिवसाविषयीं काकूंचें एक वाक्य आमच्या घरांत म्हणीसारखें झालें आहे: "वीज आली तेव्हां उजेड झाला, नळ आला तेव्हां पाठ सरळ झाली." तोंवर रोज चाळीस-पन्नास कळशा पाणी विहिरीवरून स्वयंपाकघरांत व न्हाणींत जात असे. पुरुषमंडळींनीं तो आंकडा कधीं मोजला नव्हता. आम्हीं तो काकूंस विचारून लिहून ठेवला आहे. शेणाच्या सारवणाच्या जागीं शहाबादी फरशी आली ती पुढें दहा वर्षांनीं.

१९८२ सालीं गोठ्यामागें गोबरगॅसचें यंत्र बसविलें. त्या वेळीं सात जनावरें होतीं. चुलीचा धूर गेला, सुनांचे डोळे बरे झाले, भांडीं पांढरीं राहूं लागलीं. परंतु या सुधारणेस एक अकल्पित शेंपूट निघालें. शंभर वर्षें त्या धुरानें छपराचे वासे, माळ्यावरील नारळ व कोठींतील बीं यांचें किडीपासून रक्षण केलें होतें, हें धूर बंद झाल्यावर समजलें. सात-आठ वर्षांत स्वयंपाकघरावरचे फणसाचे वासे पोखरले गेले. बोटानें दाबलें तर पिठासारखा भुसा पडे. तेव्हांपासून दर दोन वर्षांनीं लांकडास औषध लावावें लागतें. तरी चूल परत आणावी, असें आम्ही म्हणणार नाहीं. ज्यास धुराचें प्रेम असेल त्यानें आधीं त्या धुरांत सहा माणसांच्या भाकऱ्या थापून पाहाव्या. गोबरगॅस २००४ मध्यें बंद झाला, कारण जनावरेंच राहिलीं नाहींत. आतां सिलिंडर आहे.

आगराच्या खताविषयीं एक मजेदार प्रसंग सांगावासा वाटतो. काकांनीं १९७१ च्या सुमारास कोळवाड्यांतून सुक्या मासळीचें खत आणून नारळांच्या आळ्यांत पुरलें. समुद्रकांठीं हें खत पूर्वापार वापरतात, पण आमच्या आळींत वापरीत नसत. आजीनें दोन दिवस अन्न घेतलें नाहीं व सोंवळ्याचीं लुगडीं माळ्यावर वाळत घातलीं. पुढें कित्येक वर्षांनीं सुरपालाचा वृक्षायुर्वेद आमच्या हातीं आला. त्याची पोथी ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत होती. तिचें भाषांतर नलिनी साधले यांनीं केलें व तें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत झाडांसाठीं कुणपजल म्हणून जें खत सांगितलें आहे, तें मांस, मज्जा, मासे इत्यादि कुजवूनच करावयाचें आहे. आजी त्या वेळीं हयात नव्हती. ग्रंथ संस्कृतांत आहे एवढ्यानें तिचें समाधान झालें असतें, असें आम्हांस वाटत नाहीं.

जायफळाच्या बाबतींत फजिती आमची स्वतःची. रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रानें नारळाच्या बागेंत मिरी, दालचिनी, जायफळ हीं मसाल्याचीं पिकें घेण्याची 'लाखी बाग' नांवाची पद्धत लोकांपुढें ठेवली आहे व ती उत्तम आहे. परंतु आम्ही त्याआधींच, १९८७ सालीं, कोणास न विचारतां, बियांपासून केलेलीं दहा रोपें लाविलीं. सात वर्षें पाणी घातलें. फुलें आलीं तेव्हां कळलें कीं सहा नर आहेत. जायफळाच्या झाडांत नर-मादी वेगळीं असतात आणि फुलेपर्यंत तें ओळखतां येत नाहीं. दहा माद्यांस एक नर पुरतो. 'वृक्ष' शब्द पुल्लिंगी आणि 'जातीफल' नपुंसकलिंगी, एवढेंच आमचें व्याकरण सांगत होतें. आतां मादी झाडाचीं कलमें मिळतात. वाचकांपैकीं कोणास लावावयाचीं असल्यास कलमेंच लावावीं. मिरवेल मात्र पन्नीयूरची लाविली, ती पहिल्यापासून साधली.

डोंगराची कथा यापेक्षां गंभीर आहे. अकरा एकर वरकस जमिनींत गवताशिवाय कांहीं होत नसे. १९९० साली महाराष्ट्र सरकारनें रोजगार हमी योजनेशीं जोडून फळबाग लागवडीची योजना काढली. खड्डे, कलमें, मजुरी यांचा खर्च सरकार देई. कोंकणांतील उघडे डोंगर आज जे हिरवे दिसतात त्यांतील पुष्कळ भाग या योजनेचा आहे. आमचे वडील १९८८ मध्यें वारले होते. सात-बारावर आमची आई, आम्ही तिघे भाऊ व दोन बहिणी अशीं नांवें लागलीं. काकांची वांटणी आधींच झालेली होती. योजनेसाठीं सर्वांच्या संमतीचीं पत्रें हवीं होतीं. बहिणी लांब राहणाऱ्या, दर वेळीं सह्या कोठून आणावयाच्या, या सबबीवर आम्ही भावांनीं असें ठरविलें कीं बहिणींचें हक्कसोडपत्र करून घ्यावें. त्या दोघी आल्या. दुय्यम निबंधकाच्या कचेरींत सह्या झाल्या. घरीं पुरणपोळी झाली, दोघींस साड्या दिल्या. थोरलीनें कागद वाचावयास मागितला नाहीं व आम्हींहि वाचून दाखविला नाहीं. बहिणी अशा वेळीं सही करतात ती माहेर तुटूं नये म्हणून, हें प्रत्येक भावास ठाऊक असतें; आणि तें ठाऊक आहे म्हणूनच तो कागद पुढें करतो.

१९९१ च्या उन्हाळ्यांत जांभा फोडून मीटरभर लांब, रुंद व खोल असे २०० खड्डे खणले. दहा-दहा मीटरांवर, पांच एकरांत. पहिले तीन उन्हाळे कलमांस डोक्यावरून पाणी नेलें. १८० कलमें हापूसचीं व २० रत्ना जातीचीं. रत्ना ही नीलम व हापूस यांच्या संकरांतून वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रानें काढली व ती १९८१ सालीं प्रसारित झाली. तिच्यांत हापूससारखा साका होत नाहीं, ती एक वर्षाआड न फळतां दरवर्षीं फळते. परंतु बाजार हापूस हें नांव विकत घेतो, फळ नव्हे, असा आमचा अनुभव आहे. २००० च्या सुमारास बाग भरांत आली. पुढें चुलत बंधूंच्या सांगण्यावरून तीन वर्षें बाग एका व्यापाऱ्यास करारानें दिली. त्यानें मोहर लवकर यावा म्हणून कल्टार हें औषध मुळांशीं ओतलें. औषध वाईट नाहीं. झाडाच्या पसाऱ्याचा व्यास मोजून, मीटरमागें ३ मिलिलिटर, पावसाळ्यांत जुलै-ऑगस्टच्या सुमारास, आणि सोबत भरपूर खत, असा त्याचा विधि आहे. त्यानें व्यास मोजला नाहीं व खत घातलें नाहीं. दोन वर्षें भरघोस आंबा नेला आणि तिसऱ्या वर्षीं आम्हांस थकलेलीं झाडें परत केलीं. तीं पूर्ववत् व्हावयास पांच वर्षें लागलीं.

२००९ मधील स्लॅबबद्दल फार लिहिण्यासारखें नाहीं. पुण्याच्या बंधूंनीं मुलांच्या सोयीसाठीं पश्चिमेच्या दोन खोल्या पाडून सिमेंटच्या बांधविल्या. उन्हाळ्यांत तेथें भट्टी होते व पावसाळ्यांत छत पाझरतें, म्हणून आतां स्लॅबवर पत्रा घातला आहे. कोंकणांत असे पत्र्याचें पागोटें घातलेले स्लॅब घरोघर दिसतात. कौलांचीहि आतां धडगत नाहीं, कारण वानरांच्या टोळ्या छपरावरून उड्या मारतात. केळीं तर त्यांनीं आम्हांस खाऊं देण्याचें बंदच केलें आहे.

३ जून २०२०, बुधवार. टाळेबंदीमुळें घरांत आम्ही, आमचें कुटुंब व चुलत बंधु एवढींच माणसें होतों. निसर्ग नांवाचें चक्रीवादळ दुपारीं रायगडच्या किनाऱ्यावर चढलें. त्याच्या दक्षिणेकडील आमचीं गांवें त्याच वाऱ्यांत सांपडलीं. सकाळपासूनच वारा वाढत होता. अकराच्या सुमारास माजघराचें दार आम्ही तिघांनीं पाठीनें धरून ठेवलें. नारळ पडे तेव्हां जमीन हादरे. सुपारी पडे तेव्हां काठी मोडल्यासारखा आवाज होई, आणि थोड्या वेळानें ते आवाज वेगळे ओळखतां येईनात. चार तासांनीं बाहेर आलों तेव्हां आगरांतून समुद्र दिसत होता. तो त्यापूर्वीं आमच्या घरांतून कधीं दिसला नव्हता.

मोजदाद केली. ५६० सुपाऱ्यांपैकीं ४१० आडव्या, ७४ नारळांपैकीं ३१, डोंगरावर ४६ कलमें मुळांसकट. पश्चिमेचा पत्रा तिसऱ्या आगरांत. कौलें अर्धीं गेलेलीं; पावसाळा दाराशीं. वीज एकेचाळीस दिवस नव्हती, म्हणून मोटर बंद, नळ बंद. आमचें कुटुंब साठीच्या घरांत दोर-कळशीनें पाणी ओढूं लागलें. मोडका कां होईना, पायरहाट असता तर, असें मनांत आलें; पण तो न्हाणींत जळून छप्पन्न वर्षें झालीं होतीं.

सरकारनें फळबागांची भरपाई वाढवून हेक्टरीं ५०,००० रुपये केली. सुपारी फळावयास पांच-सहा वर्षें लागतात आणि बाणवली नारळास त्याहून अधिक, हें लक्षांत घेतलें म्हणजे ती रक्कम कशास पुरली असेल याची कल्पना येईल. त्या वर्षीं दिवाळींत तिघे भाऊ फोनच्या पडद्यावर भेटलों. मुंबईच्या एका दलालानें रस्त्याकडील अर्धें आगर मागितलें होतें. देतो ती रक्कम ऐकून आम्हीहि गप्प झालों, हें कबूल केलें पाहिजे. एक बंधु पुण्यास, एक परदेशीं, आम्ही साठी ओलांडलेले. पाडेली मिळत नाहीं, मजूर मिळत नाहीं, मुलें येत नाहींत. विकावें, असें ठरल्यातच जमा झालें.

त्याच वर्षीं ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला होता कीं, २००५ च्या दुरुस्तीप्रमाणें मुलीस वडिलार्जित मिळकतींत जन्मतःच मुलासारखा हक्क आहे, मग त्या दिवशीं वडील हयात असोत वा नसोत. बंधूंनीं वकिलास विचारलें. वकील म्हणाला, तुमचें हक्कसोडपत्र नोंदलेलें आहे, चिंता नको. या उत्तरानें आम्हांस जें हायसें वाटलें त्याची आम्हांस पुढें फार लाज वाटली.

फेब्रुवारी २०२१ मध्यें थोरली बहीण आली. वय त्र्याहत्तर. मुंबईंत परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झालेली. पडलेलें आगर तिनें एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत हिंडून पाहिलें व लहान विहिरीच्या कांठावर, जेथें पायरहाटाची फळी होती, तेथें बसली. आम्हीं विक्रीचें सांगितलें. ती म्हणाली, "माझी सही आहेच तुमच्याकडे, मला कशाला विचारतोस?" आणि थोडें थांबून, "सात वर्षं ओढलं रे मी हें पाणी. त्याचा कागद कुठंच नाहीं." यापलीकडे ती कांहीं बोलली नाहीं, रागावली नाहीं, रडलीहि नाहीं. जातांना पेन्शनींतून सांठविलेल्या दोन लाखांचा धनादेश देवापुढें ठेवून गेली, रोपांसाठीं म्हणून.

विक्री राहिली. जून २०२१ मध्यें सुपारीचीं ४५० रोपें व नारळाचीं ४० रोपें लाविलीं. त्याआधींच, मे महिन्यांत, तौक्ते वादळ किनाऱ्याबाहेरून गेलें व उरलेल्यांतील पांच सुपाऱ्या घेऊन गेलें. २०२२ मध्यें आम्हीं आपल्या हिश्शांतून थोरल्या बहिणीस बक्षीसपत्र करून दिलें. सोडलेला हक्क परत लावून घेण्याची दुसरी सोपी वाट नव्हती. मुद्रांकशुल्क आम्हीं भरलें. धाकटीस विचारलें तर ती म्हणाली, मला नांव नको आणि तुमचीं भांडणेंहि नकोत. तिचें मन वळलेलें नाहीं. परदेशांतील बंधूंनीं आपल्या हिश्शांतील थोडें दिलें. पुण्याचे बंधु अद्याप म्हणतात कीं झालेल्या कागदास हात लावावयाचें कारण नव्हतें. ते गणपतीस येतात, जेवतात, पण हा विषय निघाला कीं ओटीवर जाऊन झोपाळ्यावर बसतात.

रोपांपैकीं ३९० सुपाऱ्या जगल्या. गेल्या उन्हाळ्यांत तीन झाडांस पोय दिसली. थोरलीस आतां प्रवास झेपत नाहीं. दर संध्याकाळीं तिचा फोन येतो व ती प्रकृतीची चौकशी न करतां प्रथम विचारते कीं, लहान विहिरींत पाणी कितव्या पायरीवर आहे. काल तें नवव्या पायरीवर होतें, तसें आम्हीं सांगितलें.